बोलतं करणं आणि वदवून घेणं: माणसांना प्रश्न कसे विचारायचे आणि कुठे थांबायचं

आमच्या घरी एकदा सोन्याची बांगडी हरवली. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवशी घरात बाहेरचं कोण आलं होतं तर म्हणे कामाच्या मावशी, ज्या अकरा वर्षं रोज यायच्या, पण अशा वेळी माणूस पटकन बाहेरचा होतो. मावशींना हॉलमध्ये उभं केलं, चार जण सोफ्यावर बसले आणि विचारायला लागले, आधी गोड, मग जरा वरच्या पट्टीत, आणि मग एक काका म्हणाले, "आमच्या ओळखीतले एक पीएसआय आहेत, त्यांना नुसतं दोन मिनिटं बोलायला सांगू का?" मावशी आधीच रडत होत्या, ते ऐकून म्हणाल्या, "मी घेतली असं समजा, पगारातून कापा, पण ते पोलिसांचं नको." घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बघा, केलं की नाही कबूल!

बांगडी आजतागायत सापडलेली नाही. मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

हे सगळं लिहायचं कारण हेच की आपल्याला वाटतं चौकशी, इंटरॉगेशन, टॉर्चर हे सगळं कुठेतरी पोलीस स्टेशनात नाहीतर अमेरिकेच्या ग्वांटानामो तुरुंगात चालतं, आणि आपण तर साधे प्रश्न विचारणारी माणसं. पण शिडी एकच आहे, पायऱ्या वेगळ्या. आणि गंमत म्हणजे मराठीला हा फरक आधीपासून पक्का माहितीये. विचारपूस वेगळी, चौकशी वेगळी, झाडाझडती वेगळी. कोणाला बोलतं करणं वेगळं आणि कोणाकडून वदवून घेणं वेगळं. बोलतं केलं की समोरच्याच्या मनातलं बाहेर येतं, वदवून घेतलं की आपल्याच मनातलं त्याच्या तोंडून ऐकू येतं. मावशींच्या तोंडून त्या दिवशी आम्ही आमचाच संशय ऐकला.

मी गेली बरीच वर्षं मुलाखती घेते, त्यातल्या बऱ्याचशा लालबाग-परळच्या जुन्या गिरणी कामगारांच्या, आणि मधली काही वर्षं एका ऑफिसच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य होते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं पाहिलंय. पोलिसांचं जे लिहिलंय ते कायद्यातून आणि कोर्टाच्या निकालांतून. पत्रकार, रिसर्च करणारी पोरं, एचआरवाले, शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि ज्यांना उद्या पोलिसांचा फोन येऊ शकतो असे आपण सगळेच, यांच्यासाठी हे.

पायरी १: जायच्या आधी एक प्रश्न स्वतःला

"समोरचा नाही म्हणाला तर त्याचं काय नुकसान होईल?"

हे खरंच कागदावर लिहा, मनात नको. पत्रकाराला एखाद्याने नाही म्हटलं तर फार तर बातमी अर्धी राहते. बॉसने केबिनमध्ये बोलावून विचारलं आणि नाही म्हटलं तर इन्क्रीमेंट जातं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीने "हा प्रश्न मला नको" म्हटलं तर तिच्या घरच्यांना महिनाभर ऐकून घ्यावं लागतं. पोलिसांना नाही म्हटलं तर... ते पुढे येतंच. हिशोब सोपा आहे, समोरच्याचं नाही म्हणणं जितकं महाग तितके विचारणाऱ्यावर नियम कडक. आणि जिथे नाही म्हणताच येत नाही तिथे मिळालेल्या होकाराला काडीची किंमत नाही.

दुसरं, उत्तर आधीच ठरवून जाताय का? प्रामाणिकपणे सांगा. म्हणजे "हे उत्तर मिळालं तर माझं मत बदलेल" असं एक तरी उत्तर तुम्हाला सुचत नसेल तर जाऊच नका, तुम्ही विचारायला जात नाही, शिक्का मारून घ्यायला जाताय.

पायरी २: परवानगी, आणि सही म्हणजे परवानगी नाही

कोणीही असा, पाच गोष्टी आधी सांगायच्या. मी कोण, कशासाठी विचारतेय, हे कुठे जाणार, कोण वाचणार, आणि तुम्ही कुठल्याही क्षणी बास म्हणू शकता. मी साधारण असं म्हणते: "काका, मी हे लिहून काढणारे, तुमचं नाव टाकायचं की नाही ते तुम्ही सांगा, मधेच वाटलं की हे नको तर नको म्हणा, मी खोडते." आणि मग गप्प बसते, कारण बऱ्याचदा खरी शंका दोन मिनिटांनी येते, "पेन्शनचं काय होणार नाही ना यानं?"

फॉर्मवर सही घेतली की झालं, असं युनिव्हर्सिटीवाल्यांना फार वाटतं. आपल्याकडे सही म्हटलं की लोकांना आधी सातबारा आठवतो. कागद पुढे केला की म्हातारी माणसं मुलाकडे बघतात. म्हणून कागद लागत असेल तर जरूर घ्या पण तोंडी परवानगी वेगळी घ्या, आणि बोलण्याच्या शेवटी पुन्हा घ्या, कारण सुरुवातीला माणसाला माहितीच नसतं की आपण काय काय बोलून बसणार आहोत.

फोनवर रेकॉर्डिंग करत असाल तर फोन टेबलावर, उताणा. खिशातलं रेकॉर्डिंग करणारे लोक मला माहितीयेत, ते नंतर "पब्लिक इंटरेस्ट" म्हणतात, कधीकधी खरंच असतो, लाच मागणाऱ्याचं रेकॉर्डिंग करताना परवानगी कोण मागत बसेल, पण दहातल्या नऊ वेळा तो निव्वळ आळस असतो. आणि ऑफ द रेकॉर्ड काय ते बोलण्याआधी ठरतं, बोलून झाल्यावर नाही, पण समोरचा साधा माणूस असेल, त्याला हा नियम माहीत नसेल आणि नंतर तो म्हणाला "ते नका लिहू", तर नका लिहू. मंत्र्याला ही सवलत नाही.

पायरी ३: जागा

पटकन सांगते. समोरचा दाराजवळ बसला पाहिजे, तुम्ही नाही. दोघांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या. सुनेला विचारायचंय तर सासू त्याच खोलीत नको, कामगाराला विचारायचंय तर मुकादमाच्या ओसरीवर नको. पाणी विचारा, बाथरूम कुठे ते सांगा. किती वेळ लागेल ते सांगा आणि तेवढ्याच वेळात उठा. एवढ्यात बरंच होतं.

पायरी ४: प्रश्नाची बांधणी (इथे जरा वेळ काढा)

मी सुरुवातीला केलेली चूक सांगते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल एका आजोबांना मी विचारलं, "संपामुळे तुमचं वाटोळं झालं असं वाटतं का?" ते म्हणाले, "हो, झालंच की." मी खूश, कोट मिळाला. मग आजी चहा घेऊन आल्या, मी पेन खाली ठेवलेलं, आणि आजोबा आपणहून बोलायला लागले, की त्या वर्षी गावाला जाऊन वडिलांसोबत पहिल्यांदा सलग सहा महिने राहिलो, नांगर धरायला शिकलो, वडील पुढच्याच वर्षी गेले, तेव्हा ते वर्ष वाईट म्हणू की चांगलं म्हणू मला कळत नाही. हे उत्तर माझ्या प्रश्नात मावतच नव्हतं. वाटोळं हा शब्द माझा होता, त्यांनी तो फक्त परत केला.

शब्दाने आठवण बदलते हे नुसतं म्हणायला नाहीये. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं स्पीड किती होता, फक्त क्रियापद बदललं. "गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा" असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी ४१ मैलांच्या आसपास, आणि "एकमेकींना लागल्या तेव्हा" असं सौम्य विचारलं तर ३२ च्या आसपास. फिल्म त्याच. मग दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का? काच फुटलेलीच नव्हती, तरी "आदळल्या"वाल्या ५० जणांतले १६ हो म्हणाले, साधं "धडकल्या"वाल्या ५० मधले ७. इथे ना कोणी धमकी दिली ना कोणी हात लावला, हे लक्षात घ्या.

तर व्यवहारात काय करायचं:

"काय झालं ते सुरुवातीपासून सांगा" इथून सुरू करायचं, आणि मधे तोडायचं नाही, विषय भरकटला तरी. मग "तुम्ही म्हणालात की संध्याकाळी ते आले, तेवढंच जरा परत सांगा" असं त्यांच्याच शब्दाला धरून पुढे. आपला शब्द घुसडायचा नाही, त्यांनी "भांडण" म्हटलं तर आपण "मारामारी" म्हणायचं नाही. हो-नाही उत्तराचे प्रश्न सगळ्यात शेवटी, तारखा आणि आकडे पक्के करायला.

मराठीत अजून एक भानगड आहे ती "का". "तुम्ही तिथे का गेलात?" हे ऐकायला विचारणं वाटतच नाही, जाब विचारल्यासारखं वाटतं, आईने विचारल्यासारखं. त्याऐवजी "तिथे जाणं कसं काय झालं?" म्हणून बघा, उत्तर दुप्पट लांब येतं. तसंच "खरं सांगा" कधीच म्हणू नका, त्याचा अर्थ आत्तापर्यंतचं खोटं होतं असाच होतो. आणि तू-तुम्ही. वयाने लहान असला, कामाला असला, आरोपी असला तरी तुम्ही म्हणून सुरू करा. ज्या खोलीत एकजण "तू" म्हणतो आणि दुसरा "साहेब" म्हणतो त्या खोलीतलं निम्मं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

गप्प बसणं हेही प्रश्न विचारणंच आहे. पण त्याचंही हत्यार होतं, काही जण मुद्दाम एवढं गप्प बसतात की समोरचा घाबरून काहीतरी बडबडतो. फरक चेहऱ्यावर दिसतो, तो आठवतोय की घाबरलाय हे बघितलं की कळतं.

विसंगती सापडली तर? "पकडलं!" असा चेहरा करायचा नाही. "मघाशी मंगळवार म्हणालात, आत्ता बुधवार, माझाच काही घोळ झाला का?" एवढंच. खरं बोलणारा माणूसही तारखा चुकतो, किंबहुना जास्त चुकतो, पाठ केलेला माणूस चुकत नाही.

पायरी ५: रडायला लागले तर

पेन खाली. रेकॉर्डिंग बंद, आणि बंद केलं हे सांगून बंद. "थांबूया का?" विचारा आणि खरंच थांबायची तयारी ठेवा. रडणं हा "चांगला मटेरियल" नव्हे, हे वाक्य मी टीव्हीवाल्या मित्रांना इतक्यांदा ऐकवलंय की ते मला टाळतात. "आपको कैसा लग रहा है" हा माइक कुठल्याही दरडीखाली गाडलेल्या गावात पोचतो, त्या बाईला ना तुम्ही कोण ते माहिती ना कुठे दिसणार ते माहिती, ती परवानगी कसली देणार. आणि तुम्ही उठून गेल्यावर तिच्यासोबत घरात कोण आहे ते बघून मगच उठा.

पायरी ६: लहान मुलं

मुलं मोठ्यांना खूश करायला उत्तर देतात, आणि तोच प्रश्न दोनदा विचारला की आधीचं उत्तर चुकलं असं समजून बदलतात. म्हणून एकदाच, मोकळा प्रश्न, मोजक्या लोकांसमोर. शाळेत काही गंभीर कळलं तर शिक्षकांनी सविस्तर उलटतपासणी करायचीच नाही, जेवढं मूल आपणहून सांगेल तेवढं त्याच्याच शब्दात लिहून ठेवायचं आणि पुढे कळवायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, हे बरंच नीट लिहिलंय, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, शक्यतो महिला अधिकारी, दर्जा सब इन्स्पेक्टरच्या खाली नको, अंगावर युनिफॉर्म नको, सोबत आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे तो माणूस, आणि कोर्टात वकिलाने थेट मुलाला प्रश्न विचारायचा नाही, प्रश्न जजसाहेबांकडे द्यायचे आणि त्यांनी विचारायचे. मोठ्यांनाही असं मिळालं असतं तर किती बरं झालं असतं असं ते वाचताना वाटतं.

पायरी ७: ऑफिसातली चौकशी

ज्याने आरोप केला त्यानेच चौकशी करायची नाही, हा पहिला नियम आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. आरोप लेखी द्या, उत्तराला वेळ द्या, "जरा केबिनमध्ये या" म्हणून बोलावून तीन मॅनेजर समोर बसवू नका आणि तिथल्या तिथे राजीनाम्याचा कागद तर अजिबात पुढे करू नका (हे होतं, सर्रास होतं).

लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ चा कायदा लागतो, अंतर्गत समितीची अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा, चौकशी ९० दिवसांत, आणि नावं गुप्त. आमच्या समितीत पहिल्याच केसला एका सदस्याने तक्रारदार मुलीला विचारलं, "पण तू त्या दिवशी पार्टीला गेलीच कशाला?" मला मधे पडावं लागलं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच वाटत होतं तो पार्श्वभूमी समजून घेतोय. तेव्हापासून आम्ही एक साधी पद्धत ठेवली, सगळे प्रश्न आधी लिहून काढायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं की याच्या उत्तराने घटना घडली की नाही हे ठरवायला काय मदत होते. पुढे काही लिहिता आलं नाही तर प्रश्न काट. अर्धे प्रश्न तिथेच गळाले. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही हीच वागणूक, त्यालाही पाणी, त्यालाही तुम्ही, त्याच्याही बाजूचे साक्षीदार.

पायरी ८: पोलिसांनी बोलावलं तर

इथे नाही म्हणणं सगळ्यात महाग, म्हणून इथे कायद्याने सगळ्यात जास्त कुंपण घातलंय, निदान कागदावर. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे, कलमांचे नंबर बदललेत, तर नवेच लक्षात ठेवा.

साक्षीदार म्हणून बोलवायचं तर लेखी आदेश हवा, कलम १७९. महिला, १५ वर्षांखालची मुलं, ६० च्या वरचे पुरुष, दिव्यांग आणि फार आजारी माणूस यांना स्टेशनात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. हे कलम वरवर सोयीचं वाटतं पण त्याचं मोल कळायला देसाईगंजला जावं लागतं. २६ मार्च १९७२ ची रात्र, तेव्हाचा चंद्रपूर आणि आत्ताचा गडचिरोली जिल्हा. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीला जबाबासाठी चौकीत आणलं, जबाब झाल्यावर सोबतच्यांना बाहेर पाठवलं आणि तिला आत ठेवून घेतलं, तिथे तिच्यावर पोलिसाने बलात्कार केला असा खटला उभा राहिला. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली ती सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये रद्द केली, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, विरोध केल्याचं दिसत नाही. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना जे खुलं पत्र लिहिलं त्याचा गाभाच हा होता की निमूटपणे शरण जाणं आणि संमती देणं एक नाही. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मला तर वाटतं प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाने ते पत्र वाचावं, बलात्काराचा कायदा बाजूला ठेवून सुद्धा.

आरोपी म्हणून बोलवायचं पण अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. नोटीस आली तर जा, टाळू नका, पण एकटे जाऊ नका, आणि गेल्याची वेळ आणि निघाल्याची वेळ घरी मेसेज करून ठेवा.

स्वतःला अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती नाही, संविधानाचं कलम २०(३). ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ मध्ये कटकला प्रश्नांची लांबलचक यादी देऊन बोलावलं, त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की गप्प राहायचा हक्क फक्त कोर्टातच नाही तर पोलिसांसमोरही आहे. अटक झाली तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, कलम ३८, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही पण भेटता येतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर.

तपासातल्या जबाबावर सही करायची नसते. हे बहुतेकांना माहीत नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायची नाही असं कायदाच म्हणतो, कलम १८१. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

अटक झाल्यावर कारण सांगणं, नातेवाईकाला कळवणं, अटकेच्या मेमोवर साक्षीदाराची सही, वैद्यकीय तपासणी, आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. यातलं बरंच सुप्रीम कोर्टाच्या १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलंय, आणि तो खटला सुरू झाला तो एका पत्रावरून. २०२० मध्ये प्रत्येक पोलीस स्टेशनात आवाजासकट सीसीटीव्ही लावा असाही आदेश झाला, फुटेज निदान वर्षभर ठेवायचं. काही झालंच तर पहिला अर्ज त्या फुटेजसाठी करा, तारीख-वेळ घालून, लगेच.

आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं की ते विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" बाहेर उभा असलेला हवालदार परत न्यायला थांबलेला असतो म्हणून लोक नाही म्हणतात. मारलं असेल तर तिथेच सांगायचं, नंतर सांगितलं तर "तेव्हा का नाही बोललात" हेच ऐकावं लागतं.

एक नवीन प्रकार, डिजिटल अरेस्ट. असं काही कायद्यात नाहीच. पण ते चालतं कसं बघा: व्हिडिओ कॉलवर खाकी युनिफॉर्म, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, बायकोलासुद्धा सांगायचं नाही, मग तासन्‌तास प्रश्न. रिटायर्ड, शिकलेली, बँकेत मॅनेजर राहिलेली माणसं आयुष्यभराची एफडी मोडतात. लोक त्यांना हसतात, मला हसू येत नाही, कारण अंगाला बोट न लावता एकटं पाडणं, झोप आणि वेळ काढून घेणं, भीती आणि मग "सहकार्य करा, सोडतो" हे सगळं जुनंच तंत्र आहे, चोरांनी फक्त उचललं. फोन कट करा, १९३० ला कळवा.

पायरी ९: मार

आता मुख्य. गप्पांमध्ये कोणीतरी म्हणतंच, "पण दोन दिल्याशिवाय हे लोक बोलत नाहीत." आपल्या पोलिसी बोलीत मारायच्या पट्ट्याला "सत्यशोधक" म्हणतात. १८७३ मध्ये जोतीरावांनी पुण्यात काढलेल्या समाजाचं नाव पट्ट्याला, काय बोलायचं.

ब्रिटिशांनाही हे कळलं होतं. मद्रास इलाख्यात वसुलीसाठी आणि कबुलीसाठी छळ चालतो का हे बघायला आयोग नेमला, त्याचा अहवाल १८५५ चा, आणि उत्तर होतं की चालतो, सर्रास. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हा नियम पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात पक्का झाला आणि आजच्या साक्ष अधिनियमातही कलम २३ म्हणून आहे. पण आपण मधे पळवाटा काढल्या. १९९९ च्या मकोकामध्ये, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यात, एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात बॉम्ब फुटले, १८० हून जास्त माणसं गेली. त्या खटल्यात बऱ्याच अंशी अशाच कबुल्यांवर २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, कबुल्या छळ करून घेतल्याचं दिसतं आणि वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांमधले भाग एकमेकांशी शब्दशः जुळतात हे निकालात आहे. सुप्रीम कोर्टाने लगेच त्या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत द्यायचा नाही असं म्हटलं, प्रकरण तिथे आहे. पण हायकोर्टाचा निकाल यायलाच एकोणीस वर्षं गेली. जे गेले त्यांच्या घरच्यांना बॉम्ब कोणी ठेवला हे आज कोण सांगणार?

मार खाल्लेला माणूस खोटं बोलतो असं नाही, मार थांबेल ते बोलतो. विचारणाऱ्याला काय हवंय ते तो चेहऱ्यावरून वाचतो आणि देतो. अल-लिबी नावाच्या एका माणसाला २००१ च्या शेवटी पकडून अमेरिकेने इजिप्तला पाठवलं, तिथल्या छळात तो म्हणाला की इराकने अल कायदाला रासायनिक हत्यारांचं ट्रेनिंग दिलं, ते वाक्य फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांच्या युनोतल्या भाषणात गेलं, आणि दीड महिन्यात इराकवर युद्ध. २००४ मध्ये त्याने ते मागे घेतलं. अमेरिकेच्याच सिनेटच्या २०१४ च्या अहवालात आहे की ९/११ च्या हल्ल्याचा सूत्रधार मानल्या जाणाऱ्या खालिद शेख मोहम्मदला १८३ वेळा वॉटरबोर्डिंग, म्हणजे तोंडावर पाणी ओतून गुदमरवणं, केलं. माहिती मिळत असती तर १८३ वेळा कशाला लागलं असतं?

"पण टाइम बॉम्ब लागलाय, तासभर उरलाय, आणि हाच तो माणूस आहे हे नक्की माहितीये" हे उदाहरण हमखास येतं. त्यात "नक्की माहितीये" हीच गोची आहे, खऱ्या आयुष्यात ते माहीत नसतं, आणि ज्याला तासभरच काढायचाय तो चुकीचा पत्ता देऊन तासभर काढू शकतो. पण मी यावर फार वेळ घालवत नाही, कारण मार लागू पडला असता तरी मी नको म्हटलं असतं. खुर्चीला बांधलेल्या माणसाला दुखवण्याचं काम करायला आपण पगारी माणूस ठेवायचा, त्याला ट्रेनिंग द्यायचं, रात्री घरी त्याने आपल्या पोरांना जेवायला वाढायचं, असली व्यवस्था मला माझ्या नावाने नको.

नार्को, म्हणजे औषध देऊन गुंगीत प्रश्न विचारणं, हा काही मार नाही, मग चालेल का? स्टॅम्प पेपर घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्कोची टेप टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्राने बघितली. सुप्रीम कोर्टाने ५ मे २०१० च्या सेल्वी निकालात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग यातलं काहीही संमतीशिवाय नाही, आणि संमतीने केलं तरी त्यातलं बोलणं पुरावा नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाकडे नाही म्हणायची सोयच नसते, परत तीच पायरी १.

मग पोलिसांनी करायचं काय? इंग्लंडमध्ये गिल्डफर्ड फोर (१९७५ ला शिक्षा, १९८९ ला सुटका) आणि बर्मिंगहॅम सिक्स (१९९१ ला सुटका) या दोन बॉम्बस्फोटांच्या प्रकरणांत दाबून घेतलेल्या कबुल्यांवर माणसं दीड-दीड दशक आत राहिली हे उघड झालं, मोठी नाचक्की झाली, आणि १९९० च्या सुरुवातीला त्यांनी पीस (PEACE) नावाची पद्धत आणली: आधी तयारी, मग ओळख आणि हेतू सांगणं, मग त्याचं म्हणणं पूर्ण ऐकणं, मग पुराव्याशी ताडून प्रश्न, नीट शेवट, आणि नंतर स्वतःचं मूल्यमापन. सगळं रेकॉर्डवर. कबुली हे ध्येयच नाही, माहिती हे ध्येय. वाचताना मला हसू आलं, कारण लालबागच्या चाळीत आम्ही साधारण हेच करतो, फक्त चहा जास्त. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली पण अजून तो मंजूर केलेला नाही, आणि कबुलीसाठी इजा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम १२० खाली सात वर्षांपर्यंतचा, गंभीर इजा असेल तर दहा वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. ते कलम वर्दीला किती वेळा लागतं ते सोडा.

पायरी १०: परत वाचून दाखवा

मुलाखत असो, चौकशी असो, लिहून काढलेलं त्या माणसाला वाचून दाखवायचं, त्याच्या भाषेत, हळू. चूक असेल तर त्याच्यासमोर खोडायची, पान फाडायचं नाही. एक प्रत त्याला द्यायची. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार ते सांगायचं आणि त्या दिवशी पुसायचं.

त्या संपवाल्या आजोबांना मी पंधरा दिवसांनी पानं घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं ऐकलं, मग "वाटोळं" या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे माझं नाही, हे काढ." नांगराचं राहू दे म्हणाले. वडिलांचं नाव मात्र नीट लिही, पूर्ण, गावासकट, आणि मग त्यांनी ते मला दोनदा सांगितलं.